सुपरमार्केटच्या खरेदीलाही नियम लावा: स्पर्धा आयोग आणि पणन विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली
मा. पणन मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: सुपरमार्केट साखळ्या आणि त्यांचे लहान पुरवठादार यांच्यातील व्यवहारासाठी बंधनकारक आचारसंहिता करण्याबाबत.

महोदय,
सादर नमस्कार.

२०२३ मध्ये स्पर्धा कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. २,००० कोटी रुपयांपुढच्या विलीनीकरणाच्या व्यवहारांना आयोगाची मंजुरी लागू लागली, दंड कंपनीच्या जागतिक उलाढालीवर मोजायचे ठरले. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला, त्यावर चर्चा झडल्या. या सगळ्या खटाटोपात एक प्रश्न कोणी हातीच घेतला नाही. शेकडो दुकाने चालवणारा खरेदीदार आणि त्याला माल देणारी लातूरची डाळ मिल, हिंगोलीचा हळदवाला, जालन्याची मोसंबी उत्पादक कंपनी किंवा बीडचा पापड करणारा बचत गट यांच्यात जो करार होतो, त्यात काय लिहिलेले असते आणि काय लिहिलेले नसते, हा तो प्रश्न. म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत.

सुरुवातीलाच एक सांगतो. मॉलला माल देणे वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पैसे बँकेत येतात, वजनात मारामारी नसते, पॅकिंग आणि स्वच्छतेची शिस्त लागते. बोरसुरीची तूरडाळ किंवा वसमतची हळद आज भौगोलिक मानांकनासह पुण्या-मुंबईच्या रॅकवर जाऊ शकते, ती याच वाटेने. तक्रार आहे ती या वाटेवरच्या एकतर्फी नियमांबद्दल.

उधारीपासून सुरुवात करू. डाळ मिलवाला तूर घेतो ती आडतीवर, जवळजवळ रोखीने. शंभर किलो तुरीतून सत्तर-बहात्तर किलो डाळ निघते, बाकी चुनी आणि भुसा. ती डाळ पाकिटात भरून मॉलच्या डीसीला, म्हणजे मुख्य गोदामाला जाते आणि तिचे पैसे येतात साठ दिवसांनी, काही करारांत नव्वद. हिशेब सोपा आहे. दहा टन डाळ, ११० रुपये किलो, बिल ११ लाखांचे. कॅश क्रेडिटचे, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून उचललेल्या पैशाचे, व्याज वर्षाला १२ टक्के धरले तर साठ दिवसांचे होतात सुमारे २१,७०० रुपये. किलोमागे दोन रुपये सतरा पैसे. नव्वद दिवस लागले तर सव्वातीन रुपये. डाळीच्या धंद्यात किलोमागे सुटणारे पैसेही याच घरातले असतात. म्हणजे मॉलचे खेळते भांडवल मिलवाला पुरवतो आणि त्याचे व्याजही तोच भरतो. तोवर मॉलने ती डाळ रोखीने विकून पैसे वापरायलाही घेतलेले असतात.

शिवाय साठ दिवस कधीपासून मोजायचे, यातही मेख आहे. गाडी डीसीच्या दारात उभी राहते, टोकन मिळते, स्लॉट चुकला तर दुसऱ्या दिवसावर जाते. माल उतरला तरी जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची संगणकातली नोंद, तीन-चार दिवसांनी पडते आणि त्यांची घड्याळे तिथून सुरू होतात. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा मात्र स्पष्ट आहे: माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस धरायचा आणि हरकत असेल तर ती पंधरा दिवसांत लेखी कळवायची. कायद्यातली तारीख आणि संगणकातली तारीख यांतला फरक कोणी विचारत नाही.

आता कटत्यांकडे या. बिल लाखाचे असले तरी लाख कधीच हातात पडत नाहीत. हिशेब येतो तेव्हा त्याला डेबिट नोटांची, म्हणजे बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठ्यांची, शेपटी जोडलेली असते. नेहमीच्या नोटा अशा:

फिल रेट, म्हणजे मागितलेल्यापैकी किती माल दिला त्याचे प्रमाण. शनिवारी संध्याकाळी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर येते, पाचशे पेट्या मंगळवारी सकाळी डीसीला हव्यात. मिलमध्ये तयार माल साडेचारशे पेट्यांचा. पन्नास पेट्या कमी गेल्या म्हणून त्या न दिलेल्या मालाच्या किमतीवर दंड. अंदाज चुकला तो त्यांच्या खरेदी विभागाचा, कारण गेल्या महिन्यात तोच पीओ दोनशे पेट्यांचा होता. उलट्या बाजूचा दंड मात्र करारात नसतो. पाचशे पेट्या त्यांच्याच जाहिरातीच्या वेष्टनात भरून तयार झाल्या आणि पीओ रद्द झाला, तर वेष्टनाचा खर्च मिलचा. ते वेष्टन दुसऱ्या गिऱ्हाइकाला चालतही नाही.

मुदत संपलेला माल. हळद पावडरीची मुदत साधारण बारा महिने असते. माल घेताना डीसीची अट अशी की मुदतीचा निदान दोन तृतीयांश काळ शिल्लक हवा, म्हणजे आठ महिने. बरोबर आहे, ताजा माल हवाच. पण पुढे तो दुकानात जातो, नवी पाकिटे पुढे लागतात, जुनी मागे ढकलली जातात. हे काम त्यांच्या माणसाचे. वर्षअखेरीला मागची पाकिटे मुदत संपून परत येतात, वाहतूक खर्चासह, आमच्या नावावर. त्या पाकिटांचा पूर्ण जीएसटी आम्ही कधीच भरलेला असतो आणि क्रेडिट नोट काढून तो कर वळता करायची मुदत, म्हणजे आर्थिक वर्षानंतरचा ३० नोव्हेंबर, उलटून गेली असेल तर तोही गेला. बचत गटाच्या उडदाच्या पापडाचे याहून वाईट होते. ते गोदामात चिरडतात आणि 'तुटका माल' म्हणून परत येतात. चिरडले कुठे, हे नोटेत लिहिलेले नसते.

रॅकचे पैसे. नवा माल यादीत घालण्याची फी, डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीची फी, काउंटरजवळच्या टोकाच्या रॅकची वेगळी, वर्धापन दिनाच्या सेलची, नव्या दुकानाच्या उद्घाटनाची. सेलमध्ये 'एकावर एक फुकट' जाहीर होते ते पुरवठादाराला विचारून नव्हे, कळवून. फुकट जाणारे पाकीट पुरवठादाराचे.

वर्षअखेरची सूट. मार्च उलटल्यावर मेल येतो: गेल्या वर्षी तुमची उलाढाल इतकी झाली, तिच्यावर आणखी दीड टक्का द्या. मागच्या वर्षीच्या व्यवहारावर आजच्या तारखेची अट. नाही म्हटले तर पुढचा पीओ येत नाही, बस.

किरकोळ नोटांची तर गणतीच नको. उतराईची हमाली, पॅलेट, बारकोड नीट वाचला गेला नाही, गाडी उशिरा आली. बाजार समितीत कडता कापला तर शेतकरी निदान सचिवाच्या केबिनमध्ये जाऊन भांडू शकतो. इथे दाद मागायची ती ज्याने कापले त्याच्याकडेच.

यातली एक गोष्ट ग्राहकालाही भिडते. काही खरेदीदार पुरवठादाराला पाकिटावरची एमआरपी चढवून छापायला लावतात. जी डाळ १४० रुपयांत विकायची आहे, तिच्यावर १९० छापायचे आणि दुकानात '५० रुपये वाचवा'ची पाटी लावायची. तेच पाकीट लातूरच्या गंजगोलाईतल्या किराणा दुकानात गेले की दुकानदार १४५ ला देऊनही ग्राहकाला लुटारू वाटतो. यात स्पर्धा बिघडते, ती आपल्या कक्षेतली बाब आहे आणि ती उघड्यावर, पाटी लावून चालू आहे.

दुसरी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या ब्रँडची. साखळीच्या नावाने माल भरून द्यायचा तर कच्च्या मालाचा भाव, उतारा, भरणावळ, प्रयोगशाळेच्या तपासणीचा खर्च असा सगळा तक्ता मागितला जातो. तोच तक्ता समोर ठेवून पुढच्या वर्षी भाव पाडतात आणि आमच्या नावाचे पाकीट खालच्या फळीवर जाते, कारण वरची फळी आता त्यांच्या ब्रँडची. एकाच टेबलावर एकच माणूस आमचा गिऱ्हाईक आणि आमचा प्रतिस्पर्धीही असतो. आमचा खर्च त्याला ठाऊक, त्याचा आम्हाला नाही.

ताज्या मालाची तऱ्हा निराळी, आणि आमच्या मते सगळ्यांत वाईट. जालना-पैठण भागातली मोसंबी घ्या. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येते, नगाच्या आकारासह. भाव बऱ्याचदा लिहिलेला नसतो, 'मार्केट रेट' एवढेच. तोड होते, प्रतवारी होते, वीस-वीस किलोंच्या क्रेटमध्ये माल रात्री निघतो, सकाळी पुण्याच्या बाजूच्या केंद्रावर पोचतो. तिथे एक माणूस क्रेटमधली वरची फळे पाहतो. सालीवर हिरवट छटा आहे म्हणून तीस क्रेट बाजूला. रस, गोडी, वजन काही मोजले जात नाही आणि नाकारल्याची सही-शिक्क्याची पावतीही मिळत नाही. तोडलेले फळ परत झाडाला लागत नाही. परतीचे भाडे परवडत नाही म्हणून चालक तो माल जवळच्या बाजारात मिळेल त्या भावाला टाकतो. आणि त्याच दिवशी बाजारात आवक वाढून भाव उतरलेला असतो, हा योगायोग फार वेळा घडतो. बाजार तेजीत असला की हिरवट छटा कोणाला दिसत नाही. कास्तीच्या कोथिंबिरीचे तर बोलायलाच नको, नाकारलेली जुडी दुपारपर्यंत फेकूनच द्यायची असते.

'मग कायद्याकडे जा' असे आपण म्हणाल. गेलो की काय होते ते सांगतो. तीन कायदे आहेत आणि आमचा माणूस तिघांच्या मधल्या फटीत पडतो.

पहिला बाजार समितीचा. त्या व्यवस्थेत खरेदीदाराला परवाना लागतो, चोवीस तासांत पैसे चुकते करण्याचा दंडक आहे. पण जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला. शेतकऱ्याला कुठेही विकता यावे हा हेतू चांगलाच होता. मात्र नियमन गेले तसे पैशाचे संरक्षणही गेले. थेट बांधावरून फळे घेणाऱ्याने किती दिवसांत पैसे द्यावेत, माल कोणत्या कारणाने नाकारावा, याचा नियम उरला नाही.

दुसरा २००६ चा एमएसएमई कायदा. कागदावर तो फार कडक आहे. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. थकलेल्या पैशाच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यायचा, आणि निकालाविरुद्ध खरेदीदाराला कोर्टात जायचे तर आधी ७५ टक्के रक्कम भरायची. पुढे आयकरातही ४५ दिवसांच्या आत न दिलेली रक्कम खर्चात धरायची नाही अशी तरतूद झाली. पण हे सगळे सूक्ष्म आणि लघु उत्पादक व सेवा देणाऱ्यांसाठी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी, म्हणजे या कायद्याखालची सरकारी नोंदणी, मिळाली ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती, या संरक्षणासाठी नव्हे. मोसंबी गोळा करून पाठवणारी शेतकरी कंपनी यात व्यापारी ठरू शकते, एकटा शेतकरी तर उद्यमच नाही. ज्यांना हक्क आहे तेही परिषदेकडे जात नाहीत. तक्रारीवर नाव असते, नाव कळले की मालाचा कोड यादीतून उडतो. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेईल? कटत्यांबद्दल तर हा कायदा फारसे बोलतच नाही, त्याला उशीर दिसतो, डेबिट नोट दिसत नाही.

तिसरा आपल्या आयोगाचा, २००२ चा स्पर्धा कायदा. कलम ४ मध्ये खरेदीतील अन्यायकारक अट आणि अन्यायकारक किंमत हे शब्द आहेत, म्हणजे खरेदीदाराची दांडगाई कायद्याला अनोळखी नाही. पण दार उघडण्याआधी 'संबंधित बाजारपेठेत' तो खरेदीदार वर्चस्वाच्या स्थितीत आहे हे सिद्ध करावे लागते. आपल्या देशात किराणा अजून प्रामुख्याने गल्लीतल्या दुकानातून विकला जातो, त्यामुळे देशाची बाजारपेठ धरली तर कोणतीच साखळी वर्चस्वाची ठरत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांच्या संघटनेची तक्रार आयोगाने याच मुद्द्यावर बंद केली होती, ती अपील न्यायाधिकरणाने २०२० मध्ये पुन्हा जिवंत केली. पुरवठादाराचे अवलंबित्व मात्र देशातल्या टक्केवारीवर ठरत नाही. एखाद्या मिलचा निम्मा माल एकाच साखळीला जात असेल, तिच्या बारकोडने पाकिटे छापलेली असतील, तिच्या भरवशावर भरणा यंत्राचे कर्ज काढलेले असेल, तर त्या मिलपुरती ती साखळी हीच सगळी बाजारपेठ.

ही अडचण आपल्याच देशाची नाही आणि तिचा तोडगाही कोणाला नव्याने शोधायचा नाही. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१० पासून किराणा पुरवठा संहिता लागू आहे. वर्षाला एक अब्ज पौंडांहून अधिक किराणा विकणाऱ्या साखळ्यांना ती बांधते, वर्चस्व सिद्ध करण्याची गरज नाही. मागल्या तारखेने अटी बदलायच्या नाहीत, दुकानातल्या चोरी-तुटीचे पैसे पुरवठादाराकडून घ्यायचे नाहीत, यादीतून काढायचे तर पुरेशी आगाऊ सूचना द्यायची. २०१३ च्या कायद्याने तिच्यावर स्वतंत्र निवाडा अधिकारी बसला, जो तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवतो आणि उलाढालीच्या एक टक्क्यापर्यंत दंड करू शकतो. २०१६ मध्ये त्याने टेस्को या सर्वांत मोठ्या साखळीवर पुरवठादारांचे पैसे मुद्दाम लांबवल्याचा ठपका ठेवला.

युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात आणखी सोपी युक्ती केली: खरेदीदार आणि पुरवठादार यांची उलाढाल शेजारी ठेवायची. पुरवठादार लहान आणि खरेदीदार ठरलेल्या पायरीच्या वर असला की संरक्षण लागू. नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत, आणि नाशवंत मालाची ऑर्डर ३० दिवसांहून कमी मुदतीत रद्द करायची नाही. ऑस्ट्रेलियाचा धडा आपल्याला जास्त उपयोगी आहे. तिथे २०१५ पासून संहिता होती, पण ऐच्छिक. ती पुरेशी नाही हे सरकारी फेरआढाव्यात दिसले आणि १ एप्रिल २०२५ पासून ती मोठ्या साखळ्यांवर सक्तीची झाली. तेव्हा 'उद्योगाने स्वतःच नियमावली करावी' हा सल्ला आम्हाला कृपया देऊ नका, त्याची दहा वर्षांची परीक्षा दुसऱ्याने देऊन झाली आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की नियम लावले तर ग्राहकाला माल महाग पडेल. ग्राहकाने त्याच्या पावतीवर एकदा नजर टाकावी. फिल रेटचा दंड, तुटीची नोट, वर्षअखेरची सूट यांतले काहीही तिथे वजा झालेले दिसत नाही. पुरवठादार मात्र हा खर्च आधीच भावात धरतो आणि ज्याला धरता येत नाही तो लहान माणूस वर्ष-दोन वर्षांत बाहेर पडतो. मग रॅकवर उरतात दोन मोठ्या कंपन्या आणि साखळीचा स्वतःचा ब्रँड. तेव्हा भाव कोण ठरवणार?

आमच्या मागण्या अशा.

१. आयोगाने २०२० मध्ये ई-कॉमर्सचा बाजार अभ्यास प्रसिद्ध केला होता. तसाच अभ्यास सुपरमार्केट आणि दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या कंपन्यांच्या खरेदीचा करावा. त्यात करारांचे नमुने, डेबिट नोटांचे प्रकार आणि बिलापासून बँकेत पैसे जमा होईपर्यंतचे खरे दिवस तपासावेत. पुरवठादारांशी बोलणे दिल्ली-मुंबईत न करता लातूर, जालना, नांदेडसारख्या ठिकाणी करावे, तेही साखळ्यांच्या माणसांना न बसवता.

२. केंद्राने कायदा करून ठरावीक उलाढालीवरच्या खरेदीदारांना बंधनकारक पुरवठा संहिता लावावी. निकष वर्चस्वाचा नको, दोन्ही पक्षांच्या उलाढालीतल्या तफावतीचा ठेवावा. संहितेत निदान एवढे हवे: नाशवंत मालाचे पैसे सात दिवसांत, इतर मालाचे ३० दिवसांत, आणि मोजणी माल दारात पोचल्यापासून. करारात रक्कम किंवा सूत्र लिहिलेले नसेल ती कटती बेकायदा. मागल्या तारखेची कोणतीही अट रद्दबातल. मुदतबाह्य आणि तुटका माल पुरवठादाराच्या चुकीचा लेखी पुरावा असेल तरच परत. फिल रेटचा दंड लावायचा तर पीओ रद्द केल्याची भरपाईही त्याच दराने. यादीतून काढण्याआधी ९० दिवसांची कारणासह सूचना. स्वतःच्या ब्रँडसाठी मिळालेली खर्चाची माहिती खरेदी विभागापासून वेगळी ठेवण्याचे बंधन.

३. संहितेसाठी स्वतंत्र निवाडा अधिकारी नेमावा. त्याला तक्रारीशिवाय, स्वतःहून हिशेब तपासण्याचा अधिकार असावा. तक्रारदाराचे नाव उघड करता येऊ नये आणि संघटनेमार्फत केलेली तक्रारही चालावी. नावाची भीती गेली नाही तर बाकीची कलमे कपाटातच राहतील.

४. राज्याच्या पणन विभागाने केंद्राची वाट पाहू नये. नियमनमुक्त फळे-भाजीपाल्याची मोठ्या प्रमाणावर थेट खरेदी करणाऱ्यांची नोंदणी आणि बँक हमी सक्तीची करावी. भाव माल निघण्याआधी लेखी ठरलेला असावा, व्हॉट्सअॅपवर असला तरी चालेल. माल नाकारायचा तर पोचल्यापासून चार तासांत, कारण, वजन आणि फोटो असलेल्या पावतीवर. वाद झाला तर जवळच्या बाजार समितीच्या ग्रेडरने पाहून दिलेला निर्णय मान्य करावा.

५. चढवून छापलेल्या एमआरपीवरच्या सुटीच्या पाट्यांची वैधमापन आणि ग्राहक संरक्षण यंत्रणेने मिळून तपासणी करावी.

करारांच्या आणि डेबिट नोटांच्या प्रती, जीआरएनच्या तारखा आणि बँकेचे उतारे आमच्यापैकी अनेकांकडे आहेत. नावे आणि व्हेंडर कोड झाकून ते द्यायची तयारी आहे. कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे, बंद पाकिटात, कुठे पाठवायचे तेवढे कळवावे.

आपले,
मराठवाड्यातील डाळ मिलचालक, हळद व मसाला उत्पादक, फळ-भाजीपाला पुरवणाऱ्या शेतकरी कंपन्या आणि पापड-लोणची करणारे महिला बचत गट